एक हरवला तरी चालेल

राजोडी, वसई
८ सप्टेंबर २०२४

ती. जीनाताईस,
धाकट्या जॉयलचा सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे आहेत. फोनवर तू आणि मी तिसऱ्या वाक्याला भांडतो, आणि आईला जाऊन वर्ष झालं तेव्हा चर्चमधल्या मिस्सानंतर अंगणात जे झालं ते अख्ख्या आळीनं ऐकलं. म्हणून पप्पांनी ठरवलंय की या कामाचं जे काही बोलायचं ते कागदावर. लिहिताना माणूस दम खातो म्हणे. शाळेत पत्रलेखनाला मला दहापैकी तीन मिळाले होते, तेव्हा तू शाळेतली बाई असलीस तरी लाल पेन लांब ठेव.

मी परत आलोय. दीव झालं, सापुतारा झालं, मग दोन महिने कारवारला एका बोटीवर होतो, तिथे एक म्हातारा तांडेल फक्त ढगांचा वास घेऊन जाळं टाकायचा, आणि खरंच सांगतो, दहातल्या सात वेळा... ते राहू दे. आता वालीवला प्लॅस्टिकच्या डब्यांच्या कारखान्यात आहे. मशीन झाकणं पाडतं, मी वाकडी झाकणं वेगळी काढतो. समोरच्या गाळ्यात विघ्नेश म्हणून एक जण कारखान्यांच्या यंत्रांची बिघडलेली इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडे बसतो.

पप्पांचं सांगतो. डॉक्टर म्हणाले, हृदय पाव भागच चालतंय. बावखलाच्या पाण्यापर्यंत जातात, पण वाटेत दोनदा बसतात. बसले की समोरच्याच्या वाडीतल्या केळी मोजतात, दम लागलाय हे दिसू नये म्हणून.

आता काम. ज्युलीमावशीच्या रीमाचं लग्न ११ जानेवारीला ठरलं. मांडवात येईल त्या प्रत्येक घराला पप्पांना आईच्या गाण्यांचं पुस्तक द्यायचंय. तुला सगळं माहीत आहे, तरी त्यांनी मला पहिल्यापासून लिहायला सांगितलं, म्हणून लिहितो. आईनं अकरा वर्षं दारोदार फिरून म्हाताऱ्या बायकांकडून लग्नाची गाणी घेतली. तिला लिहिता धड येत नव्हतं. ती पाठ करून यायची, पारनाक्याच्या आपल्या छपाईच्या दुकानात पप्पांच्या शेजारी बसून गायची आणि पप्पा टाइप करायचे. दोनशे चौदा गाणी. छापील कागद त्या पुराच्या साली दुकानातच कुजले. जुना कॉम्प्युटर दोन वर्षांनी गेला. त्यातून आधी काढून घेतलेली एकच फाइल उरली, ती पप्पांनी आईच्या दफनानंतर तीन पेनड्राइव्हवर वाटली आणि अख्खी कुठेच ठेवली नाही. लाल दोऱ्याचा त्यांचा, निळा माझा, पिवळा तुझा.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यांनी समजावलं होतं, आठवतंय? पहिलं अक्षर त्यांच्याकडे, दुसरं माझ्याकडे, तिसरं पुन्हा त्यांच्याकडे, चौथं माझ्याकडे, असं शेवटपर्यंत. तुझ्याकडे अक्षरं नाहीतच, दोघांच्या अक्षरांची एक प्रकारची बेरीज आहे. कोणतेही दोन एकत्र आले की सगळी गाणी परत येतात. एक हरवला तरी चालेल. मात्र एकट्याला काही वाचता येत नाही. तेव्हा मला वाटलं, म्हातारा आपली हुशारी दाखवतोय. आता वाटतं, आपण दोघांनी एकदा तरी एका टेबलाला बसावं म्हणून केलं असेल.

तर तुझा पाठव. तिन्ही हाताशी असलेले बरे, असं पप्पा म्हणतात. ज्या बायकांनी गाणी दिली त्या सगळ्या गेल्या. एक ज्युलीमावशी आहे, तिला अर्धीमुर्धी आठवतात.

फ्लॉईडभावोजींना नमस्कार. रागवायचं असेल तर पाकिटातूनच रागव, पण लिही.

तुझा,
जॉयल

नाशिक
२१ सप्टेंबर २०२४

चि. जॉयल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. दहापैकी चार देते, एक वाढवलाय. घरात सांगून नोकरी धरलीस हेच मोठं. आता निदान नाताळपर्यंत तरी त्या वाकड्या झाकणांना सोडून जाऊ नकोस. फ्लॉईड विचारत होते की ढगांचा वास घेणाऱ्या माणसाच्या उरलेल्या तीन वेळांचं काय व्हायचं.

पप्पांच्या गोळ्या वेळेवर देतोस ना? सकाळची छोटी पांढरी गोळी उपाशीपोटी आहे. ते चहाबरोबर घेतात आणि घेतली म्हणून सांगतात. समोर उभा राहत जा. रीमाला माझ्याकडून सांग की साडी मी इथून आणीन, तिनं तिकडे बघू नये.

पेनड्राइव्हचं म्हणशील तर मला नीट कळलं नाही. पप्पांचा पप्पांकडे आहे, तुझा तुझ्याकडे आहे. दोन झाले. कोणतेही दोन पुरतात हे पप्पांनीच सांगितलं होतं. मग माझा कशाला हवा? कुरियरवाले मागच्या महिन्यात शाळेचे दाखले हरवून बसले, त्यांच्या हातात आईची वस्तू द्यायला माझं मन होत नाही. सध्या चाचणी परीक्षा आहेत, चार वर्गांचे पेपर पडलेत, कपाट उघडून शोधायलाही सवड नाही. अगदीच लागला तर नाताळला येताना बघू.

तू तुझा पप्पांना दिलास ना? पत्रात तसं कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

मावशीला विचारलं म्हणून सांग. तब्येतीला जप आणि उत्तराला सहा महिने लावू नकोस.

तुझी,
ताई

राजोडी
३ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळीच्या वेळी समोर उभा राहतो. पप्पांनी मला जेलर असं नाव ठेवलंय.

माझा पेनड्राइव्ह एका दोस्ताकडे बॅगेत आहे. बॅग यायचीय. येईल. पण तोवर तुझा आला तर काम सुरू होईल, एवढंच माझं म्हणणं. उगाच वकिली करू नकोस.

विघ्नेशला मी हे सगळं सांगितलं, तर तो खूश झाला. त्यानं एका फुटक्या डब्याच्या झाकणावर खडूनं आठ गोल काढले. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही म्हणे, आकडा कळतो, आणि आकडाही नाही, फक्त दिवा पेटलेला की विझलेला एवढंच कळतं. आठ दिव्यांची एक ओळ म्हणजे एक अक्षर. कुठले पेटले, कुठले विझले, त्यावरून दोनशे छपन्न वेगवेगळी अक्षरं होतात. पप्पांनी केलं ते असं: त्यांच्या अक्षराचे दिवे आणि माझ्या अक्षराचे दिवे शेजारी ठेवायचे. दोन्हीकडे सारखं असेल तिथे तुझ्याकडचा दिवा विझलेला, वेगळं असेल तिथे पेटलेला. म्हणून तुझा आणि त्यांचा ठेवला की माझं अक्षर निघतं, तुझा आणि माझा ठेवला की त्यांचं. मी खडूनं करून बघितलं, बरोबर आलं. मग पुन्हा करून बघितलं. सुट्टी संपल्याचा भोंगा ऐकूच आला नाही आणि तासाभराची वाकडी झाकणं सरळ झाकणांबरोबर निघून गेली. कुठल्या तरी घरात आज डबा बंद होत नसेल.

हां, तर पप्पा. त्यांना धीर नाही. त्यांनी आपला लाल दोऱ्याचा उघडलाय आणि अर्धी अक्षरं बघत बसतात. जुन्या फॉन्टमध्ये काना वेगळा, वेलांटी वेगळी, टिंब वेगळं, छापखान्यातल्या शिशाच्या सुट्या खिळ्यांसारखं. त्यामुळे पडद्यावर म दिसतो, मग टिंब, मग व. ते मला म्हणाले, ओळख. मला काय ओळखता येतंय. ते हसले, म्हणाले मांडवा आहे, दोन काने आणि ड जॉयलकडे आहेत. पुढचा शब्द मात्र त्यांनाही लागला नाही. त्याच्या पुढचाही. ज्युलीमावशी शेजारी बसून पडद्याकडे बघत होती. तिला वाटतं मी सांभाळून ठेवलेलं आहे.

पप्पा रोज संध्याकाळी विचारतात की तुझं पाकीट आलं का. आधी पोस्टमन यायची वेळ झाली की विचारायचे, आता तो येऊन गेल्यावरही विचारतात.

परीक्षा संपल्या असतील. कपाट उघड.

तुझा,
जॉयल

नाशिक
१४ ऑक्टोबर २०२४

चि. जॉयल यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. वर्गात मुलांना खरं बोलायला सांगते आणि तुला मागच्या पत्रात अख्खं पान खोटं लिहिलं. कपाट मला उघडायची गरज नव्हती. पेनड्राइव्ह माझ्या टेबलाच्या खणातच आहे. त्यात आई नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये शाळेच्या कामासाठी घाईनं काहीतरी हवं होतं. मी तो लावला. फाइल उघडली तर नुसत्या रेघा, चौकोन, उलटी चिन्हं. तुझ्या भाषेत सांगायचं तर बेरीज. दुसऱ्यांदा लावला तेव्हा कॉम्प्युटरनं विचारलं की हे वाचता येत नाही, पुसून नवीन करू का. जॉयल, मला आठवतंय, मी थांबले होते. विचार न करता दाबलं असं मी म्हणणार नाही. मी विचार केला. मला वाटलं, माझ्याकडे तर साधं अक्षरही दिलेलं नाही. खरी गाणी पप्पांकडे आणि तुझ्याकडे आहेत, माझा हरवला तरी चालेल. हो म्हटलं. त्यावर आठवीच्या प्रश्नपत्रिका भरल्या, मग स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ.

मिस्साच्या दिवशी अंगणात मी तुला म्हणाले की तू आईचं काहीच सांभाळलं नाहीस. तेव्हा हा माझ्या खणात होता, रिकामा.

आता एवढंच कर. तुझी बॅग जिथे कुठे असेल तिथून आजच्या आज आण आणि पेनड्राइव्ह पप्पांच्या हातात दे. दोन झाले की पुस्तक होईल. माझं मी नाताळला येऊन पप्पांना तोंडानं सांगेन, तू सांगू नकोस. बोलणी मी खाईन. तू या वेळी वेळेवर आलास असं त्यांना म्हणू दे.

हात जोडून लिहिते आहे, हसू नकोस.

तुझी,
ताई

राजोडी
२५ ऑक्टोबर २०२४

ताई,

नमस्कार बिमस्कार राहू दे. माझाही नाही.

बॅग नाही, दोस्त नाही. दीवला एका टेम्पोवाल्याबरोबर पंधरा दिवस फिरत होतो, त्याच्या गाडीत गाणी वाजवायला काही नव्हतं. निळा दोरा काढला, सगळं पुसलं, हिंदी गाणी भरली आणि त्याला दिला. तो माणूस चांगला होता, मला उन्हाळ्यात चादर दिली त्यानं, उन्हाळ्यात चादर कशाला ते मला आजही कळलेलं नाही. नंबर घेतला नव्हता. गाडी राजकोटची होती की जुनागडची, तेही आठवत नाही.

तुझं पत्र वाचताना अंगावर काटा आला तो पुसून टाकल्याचा नाही. तू लिहिलंस तेच माझ्याही डोक्यात आलं होतं, शब्दाला शब्द. माझा हरवला तरी चालेल, ताईकडे असेल, ताई काही हरवत नाही. तू माझ्या भरवशावर, मी तुझ्या. मला जर कोणी सांगितलं असतं की हा एकच आहे, तर मी गळ्यात बांधून फिरलो असतो.

विघ्नेशला सांगितलं. मान खाली घालून ऐकलं त्यानं. तो म्हणतो, पुसलं म्हणजे लगेच जात नाही. यंत्र फक्त जागा मोकळी आहे असं लिहून ठेवतं, खालचे दिवे तसेच असतात. त्याच जागेवर दुसरं काही भरलं की मात्र संपलं. तेव्हा तुझ्या पिवळ्याच्या एखाद्या कोपऱ्यात काही शिल्लक असेल. पाठव. कुरियरनं पाठव, साध्या पोस्टानं पाठव, कसाही पाठव. आणि त्यात आता काही उघडू नकोस, काही ठेवू नकोस.

पप्पांना अजून काही बोललो नाही. आज त्यांनी विचारलं, तर म्हटलं वाटेत आहे.

जॉयल

राजोडी
२० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट आठ तारखेलाच आलं होतं. पिवळा दोरा तू अजून ठेवला होतास हे बघितलं.

विघ्नेशनं दहा दिवस दुपारची सुट्टी त्यात घातली. स्वतःचा डबा खाल्ला नाही, मला म्हणाला तू खा, मीही खाल्ला. प्रश्नपत्रिका निघाल्या, त्याआधी पुसलेल्या प्रश्नपत्रिकाही निघाल्या, आणि बाकी सगळीकडे तुमचं स्नेहसंमेलन. व्हिडिओ मोठा असतो, तो सगळ्यावर चढून बसतो. लाकडी तलवारी घेऊन नाचणारी मुलं होती. शेवटी अगदी सुरुवातीच्या जागेत एक तुकडा सापडला. विघ्नेशनं तो आणि पप्पांचा एकत्र लावला आणि पडद्यावर सरळ मराठी आलं. ताई, मी खुर्चीतून उठलो.

पहिल्या ओळीत आईचं नाव होतं, हेलन. खाली अनुक्रमणिका. पहिल्या नऊ गाण्यांची नावं, आणि दहाव्याचं अर्धं. त्यानंतर तलवारी.

तू नाताळपर्यंत थांब म्हणाली होतीस, पण मला थांबता आलं नाही. तो कागद हातात घेऊनच घरी आलो आणि पप्पांनी विचारलं. मग तुझंही सांगितलं आणि माझंही. सांगताना मी मध्येच त्या टेम्पोवाल्याच्या चादरीचं सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला. मग बराच वेळ त्यांनी ती नऊ नावं वाचली. आधी मोठ्यानं, मग नुसती बोटानं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, की जीनाला हे एकटीला कळलं की फ्लॉईड तेव्हा घरी होता.

मावशी आली तेव्हा त्यांनी तिला अंगणातच गाठून सांगितलं. मी खिडकीतून बघत होतो. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, आणि ती आत आलीच नाही, तशीच परत गेली.

पप्पा तुला लिहिणार आहेत. वाचून लगेच फोन करू नकोस, त्यांना धाप लागते.

तुझा,
जॉयल

राजोडी
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. जीना हिस,
पप्पांचे अनेक आशीर्वाद.

बाय, अक्षर हलतं आहे, सांभाळून घे. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रिका आणि निवेदनं जुळवली, स्वतःचं पत्र लिहायची सवय नाही.

तुम्ही दोघं एकमेकांना दोष देत नाही, स्वतःला देता, असं जॉयलकडून कळलं. दोन्ही थांबवा. चूक कुठे झाली ते मी दहा-बारा दिवस शोधतो आहे. छापखान्यात चूक सापडली की आधी खिळा बघायचा असतो, मग जुळवणारा. जुळवणारा मी होतो.

दुकानात पाणी शिरलं त्या दिवसापासून मला एकच भीती होती, की एका जागी ठेवलेलं एका दिवसात जातं. मासिकात ती पद्धत वाचली, महिनाभर खपून छोटा प्रोग्राम केला, आणि मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. पद्धत बरोबरच आहे. तीनपैकी एक गेला तर राहिलेले दोन त्याला परत उभा करतात. पण पेनड्राइव्हला ही गोष्ट माहीत नसते. तुम्हाला मी सांगितली. टेबलावर बसवून, कौतुकानं सांगितली. मी जर तुम्हाला वेगळं वेगळं बोलावून प्रत्येकाला म्हटलं असतं, की आईचं सगळं फक्त याच्यातच आहे, तर आज तिन्ही माझ्यासमोर असते. सांभाळायला लोक द्यायचे आणि त्यांनाच सांगायचं की तुमच्यावाचून अडत नाही, ही माझी चूक. हेलन असती तर तिनं तेव्हाच मला गप्प केलं असतं.

निम्मी अक्षरं माझ्याकडे आहेत. ती कागदावर काढून घेतली. मधल्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. बसून भरून बघीन. फाटलेल्या प्रुफावरून मी ओळी लावल्या आहेत, आणि ही गाणी मी तिच्या तोंडून एकदा तरी ऐकलेली आहेत. टाइप करताना कान कमी आणि बोटं जास्त चालतात, हे मात्र आता कळतं.

लग्नाला ये. मान खाली घालून येऊ नकोस. फ्लॉईडना माझा नमस्कार. देव तुला राखो.

तुझे पप्पा,
फ्रेडरिक

राजोडी
२३ फेब्रुवारी २०२५

ती. जीनाताईस,
सा. न. वि. वि.

तू लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गेलीस, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही. मी अजून वालीवलाच आहे. सहा महिने एका जागी, हे मी कोणाला सांगत नाही, नजर लागेल. मागच्या आठवड्यात मडगावच्या गाडीचं वेळापत्रक नुसतं बघून ठेवलं.

मांडवात तू होतीसच. बायकांनी दोन गाणी म्हटली, दुसऱ्याच्या तिसऱ्या कडव्याला सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या, आणि कोणीतरी स्पीकर सुरू केला. पप्पा मागच्या खुर्चीत बसून हसत टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कागद घेतले.

सव्वाचारशे पानं आहेत, एकाआड एक अक्षराची. ते पेन्सिलनं भरतात. सोपे शब्द भराभर लागतात: मांडव, हळद, वाडी, लेक. मग अडतं. एकाच जागी तीन-तीन शब्द बसतात, तिन्हीचा अर्थ लागतो, आणि आईचा कोणता ते कळत नाही. मग ज्युलीमावशीला बोलावणं गेलं. ती त्या दिवशी अंगणातून परत गेली होती ना, पण आली. रोज दुपारी तीनला येते. पप्पा ओळ वाचतात, ती डोळे मिटून ओठांतल्या ओठांत म्हणून बघते आणि सांगते, नाय, असं नव्हतं. पप्पा विचारतात, मग कसं? ते तिला येत नाही. पप्पा खोडतात, दुसरा शब्द भरतात, पुन्हा वाचतात. नाय.

मी विघ्नेशला हे सांगितलं तर तो म्हणाला, यंत्रातही हे असतं. साधं यंत्र आठ दिव्यांमागे एक नववा दिवा ठेवतं, पेटलेल्यांची संख्या नेहमी जोडीत भरावी म्हणून. एखादा दिवा चुकून उलटला की जोडी मोडते आणि यंत्राला कळतं की काहीतरी चुकलंय. कुठला दिवा ते कळत नाही. ते कळायला आणखी बरेच दिवे आधीच ठेवावे लागतात. मी त्याला विचारलं, आणि दोन दिवे उलटले तर? तर जोडी पुन्हा भरते, म्हणाला, यंत्र म्हणतं सगळं ठीक आहे.

एक्केचाळिसावं गाणं. आई लेकीला निरोप देते ते. शेवटच्या ओळीत आई लेकीला काहीतरी सांगते, आणि काय सांगते ते लागेना. पप्पांनी भरलं, मागं बघू नको. मावशी नाय म्हणाली. भरलं, विहीर विसरू नको. नाय. हे सगळं आपल्या बोलीत आहे, मी तुला शाळेच्या मराठीत लिहितोय. एकवीस दिवस ती एक ओळ. मावशी घरी जाताना गेटपाशी उभी राहून पुटपुटायची. एकदा अर्ध्या रस्त्यातून धावत परत आली, साठीची बाई, आणि उंबऱ्यात पोचेपर्यंत डोक्यातून गेलं. तिथेच बसली. मी पाणी दिलं तर प्यायली नाही.

बाविसाव्या दिवशी पप्पांनी एक नवा शब्द भरला आणि वाचायला घेतलं. मी समोर सुपारी कातरत बसलो होतो, म्हणून मला दिसलं. ते ओळीच्या मध्यावर होते, भरलेला शब्द अजून यायचा होता, आणि मावशीनं मान डोलावली. म्हणाली, हेच होतं.

पप्पांनी वर बघितलं. तिच्याकडे बघितलं, मग ओळीकडे, जिथे ते थांबले होते तिथे. ताई, त्यांना कळलं. मला शंका नाही. त्यांनी उरलेली ओळ वाचली नाही. पेन्सिल ठेवली, शाईच्या पेनाचं टोपण काढलं आणि तो शब्द शाईनं लिहिला. मावशी तोवर खिडकीबाहेर बघत होती.

तेव्हापासून अडत नाही. पप्पा वाचतात, मावशी हो म्हणते, पप्पा शाईनं लिहितात. आठ दिवसांत सत्तावीस गाणी झाली. दोघं मग चहा घेतात आणि रीमाच्या सासरचं बोलतात. या गतीनं ईस्टरपर्यंत सगळी दोनशे चौदा होतील. छपाईवाल्याला सांगून ठेवलंय. वर आईचंच नाव राहील.

मला पप्पांनी काल विचारलं की वाचून कसं वाटतं. मी म्हटलं छान आहे. खरंच छान आहे.

पुस्तक आलं की तुझ्यासाठी दोन प्रती ठेवतो. येशील तेव्हा माझ्याजवळ बस, आणि नाही आलीस तरी मला तुझाच समज.

तुझा,
जॉयल